नवे अलॉय बसवल्यापासून स्टिअरिंग थरथरतंय आणि बॅलन्सिंग करूनही परत येतंय: दोष कुठे आणि कसा शोधायचा

कंपनीची चाकं उतरवून बाहेरून घेतलेले अलॉय बसवले की काही गाड्यांना एक दुखणं जडतं आणि ते सहजासहजी सुटत नाही. गर्दीत, कमी वेगात गाडी गुळगुळीत चालते. मोकळ्या रस्त्यावर वेग ८०-९०च्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. ११०-१२०ला ते थोडं शांत होतं, किंवा वाढतच जातं. बॅलन्सिंग करून आणलं की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मग अलाइनमेंट होते, पुढची चाकं मागे जातात, पुन्हा बॅलन्सिंग होतं, शेवटी कुणीतरी टायरच बदलायला सांगतं. एखाद्या वेळी थरथर खरोखर जाते, आणि पंक्चर काढायला चाक उतरवलं की परत येते.

या शेवटच्या गोष्टीतच बहुतेक वेळा उत्तर असतं. चाकाचं वजन असं एका दिवसात बदलत नाही. चाक काढून लावल्यावर थरथर कमी-जास्त होत असेल, तर बदललेली असते ती चाक हबवर (गाडीच्या बाजूचा, चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) बसण्याची जागा. अशा गाडीचं बॅलन्सिंग कितीही वेळा केलं तरी दुखणं तसंच राहतं. चांगले टायर फुकट बदलले जातात, चांगली चाकं खराब समजून मिळेल त्या किमतीला विकली जातात आणि दोष असतो मिलिमीटरभराच्या फटीत. म्हणून हा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा ते सविस्तर लिहितोय.

जुनी चाकं अजून घरात असतील तर पहिली परीक्षा तीच. चारही जुनी चाकं लावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून बघा. थरथर गेली तर गाडी निर्दोष आहे; शोध नव्या चाकांत आणि ती बसवण्याच्या पद्धतीत घ्यायचा. जुन्या चाकांवरही तशीच राहिली तर अलॉयला दोष देऊ नका, बॉल जॉइंट, टाय रॉड, बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट तपासून घ्या.

जुनी चाकं नसतील तर लक्षणं नीट ऐकावी लागतात. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते का? मग ब्रेक डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नाही. अॅक्सिलरेटर दाबल्यावर येते आणि पाय काढला की जाते? आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टचा वळणारा सांधा) बघा. अगदी २०-३०च्या वेगातही गाडी डुलते? टायरच्या आतला पट्टा सुटला असेल किंवा रिम चांगलीच वाकली असेल. स्टिअरिंग स्थिर आहे पण सीट आणि फरशी थरथरते? मग बहुधा मागचं चाक. आणि स्टिअरिंग ठरावीक वेगाच्या पट्ट्यात, ब्रेक-अॅक्सिलरेटरचा संबंध नसताना थरथरत असेल, तर पुढे वाचा.

यंत्र शून्य दाखवतं, गाडी मात्र थरथरते

बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक मधल्या मोठ्या छिद्रातून धरतात. शाफ्टवर शंकू सरकवून तो छिद्रात घट्ट बसवला की चाक त्या छिद्राच्या केंद्राभोवती फिरतं, आणि यंत्र त्या केंद्राला धरून वजनं लावायला सांगतं.

कंपनीच्या चाकाचं मधलं छिद्र हबच्या गोल उंचवट्यावर अगदी नेमकं बसतं. म्हणजे यंत्रावरचं केंद्र आणि गाडीवरचं केंद्र एकच. बाहेरचे अलॉय बनवणाऱ्यांना मात्र एकच चाक दहा कंपन्यांच्या गाड्यांना बसवायचं असतं. म्हणून ते छिद्र मुद्दाम मोठं ठेवतात; ७३.१ मिमी हे माप फार दिसतं. हबचा उंचवटा गाडीगणिक वेगळा: टोयोटाच्या अनेक छोट्या गाड्यांना ५४.१, मोठ्यांना ६०.१, होंडाला ५६.१ किंवा ६४.१, फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांना ५७.१, फोर्डला ६३.४, ह्युंदाई-कियाच्या पाच बोल्टच्या बऱ्याच गाड्यांना ६७.१ मिमी. ७३.१च्या छिद्रात ५४.१चा हब गेला तर छिद्र हबला धरतच नाही. चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांवर येतं. यंत्राने एका केंद्राभोवती तोललेलं चाक गाडीवर दुसऱ्याच केंद्राभोवती फिरतं.

फरक किती पडतो त्याचा हिशेब करून बघा. टायरसकट चाक १८ किलोचं धरा आणि ते केंद्रापासून फक्त अर्धा मिमी सरकून बसलंय असं समजा. १८,००० ग्रॅम गुणिले ०.५ मिमी म्हणजे ९,००० ग्रॅम-मिमी. १५ इंची रिमच्या कडेपर्यंतची त्रिज्या साधारण १९० मिमी, म्हणजे त्या कडेला ४७ ग्रॅमचं वजन चुकीच्या जागी चिकटवल्यासारखं झालं. यंत्रावर ५ ग्रॅमसाठी आपण भांडतो, आणि इथे ४७! १०० किमी वेगाला ६२ सेंमी व्यासाचं चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेतं, तेव्हा हे ४७ ग्रॅम जवळजवळ ७ किलोच्या ओढीने हबला सेकंदाला १४ वेळा खेचतात. शिवाय टायरचा घेरही तेवढाच तिरळा फिरतो, त्याचा मार वेगळा.

ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ५०च्या वेगाला ती १००च्या वेगाच्या चौथा हिस्सा असते, म्हणून शहरात काही कळत नाही. आणि सस्पेन्शन-स्टिअरिंगची स्वतःची हलण्याची एक लय असते. चाकाचे फेरे त्या लयीशी जुळले की थरथर सगळ्यात जास्त, वेग पुढे गेला की थोडी कमी. ठरावीक पट्ट्यातच त्रास का होतो ते यावरून कळतं.

पहिला उपाय फुकटचा: चाक नीट बसवा

छिद्र सैल असलं तरी शंकूच्या आकाराचे नट चाकाला बऱ्यापैकी मध्यावर आणू शकतात, पण त्यांना तशी संधी द्यावी लागते. गाडी जॅकवर असताना चाक स्टडवर (हबमधून बाहेर आलेले, नट लावायचे बोल्ट) लटकतं आणि स्वतःच्या वजनाने खाली सरकून बसतं. अशा अवस्थेत हवेच्या गनने पहिलाच नट पूर्ण आवळला की चाक आहे तिथेच जखडतं. बाकीचे नट कितीही नीट कसले तरी ते जागेवर येत नाही. पंक्चरनंतर थरथर परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

मी सांगतो तसं करून बघा. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक दोन हातांनी उचलून हबवर टेकवा आणि सगळे नट हाताने, जातील तेवढे फिरवा. चाक थोडं हलवत हलवत नट पुन्हा बोटांनी घट्ट करा, म्हणजे प्रत्येक नटाचा शंकू आपल्या खळग्यात उतरेल. मग छोट्या पान्याने समोरासमोरच्या क्रमाने, पाच नट असतील तर एक सोडून एक, थोडे थोडे आवळा. चाक अजून हवेतच हवं. दोन-तीन फेऱ्यांत ते घट्ट झालं की गाडी खाली घ्या आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) द्या. किती ताण द्यायचा ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. एम१२ म्हणजे १२ मिमी जाडीच्या स्टडला तो सहसा ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. स्टडच्या आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. वंगण लागलं की त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. ५० ते १०० किमी चालल्यावर गार चाकावर टॉर्क पुन्हा तपासा.

चारही चाकं अशी बसवल्यावर थरथर गेली, तर रोग सापडला. पण इथेच थांबू नका. पुढच्या वेळी चाक दुसरं कुणीतरी, घाईत, गनने लावणार आहे.

कायमचा उपाय: हब रिंग

छिद्र आणि हब यांच्यातली फट भरणारी ही साधी गोल कडी. बाहेरचा व्यास चाकाच्या छिद्राएवढा, आतला हबएवढा. बरेच जण तिला फालतू खर्च समजतात, काही विक्रेते तिचा उल्लेखही करत नाहीत. माझं मत अगदी स्पष्ट आहे: छिद्र हबपेक्षा मोठं असेल तर रिंगशिवाय चाक घेऊच नये. रिंग गाडीचं वजन पेलते असा समज आहे, तो मात्र चुकीचा. वजन पेलतं ते नटांच्या दाबाने चाक आणि हबच्या सपाट पृष्ठांमध्ये तयार होणारं घर्षण. रिंगचं काम नट आवळेपर्यंत चाकाला मध्यावर धरून ठेवणं, एवढंच. पण तेच काम इथे निर्णायक आहे.

माप व्हर्निअर कॅलिपरने, दशांश मिमीपर्यंत घ्या. हबचा गंज तार ब्रशने काढून मगच मोजा, नाहीतर ५६.१ ऐवजी ५६.४ वाचाल आणि सैल रिंग आणाल. चाकाचं छिद्र मागच्या बाजूने मोजा, कारण पुढच्या बाजूला टोपणाची पायरी असते. रिंग चाकात अंगठ्याच्या दाबाने बसली पाहिजे. हातोडी लागत असेल तर माप चुकलंय, आपोआप गळून पडत असेल तरीही चुकलंय. रिंगच्या आतल्या कडेला एका बाजूने उतार असतो, तो हबकडे ठेवायचा. बसवून झाल्यावर नटांशिवाय चाक हबवर सरकवा आणि वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर रिंग बदला. फट भरायला दोन रिंगा एकात एक घालणं, पत्र्याची पट्टी गुंडाळणं, असले प्रकार करू नका.

प्लास्टिकच्या रिंगा रोजच्या वापराला चालतात, पण घाटात सतत ब्रेक लागून हब तापला की मऊ पडतात, तडकतात, आणि चाक काढताना तुटलेला तुकडा हबवरच राहतो. अॅल्युमिनियमची रिंग टिकते, पण लोखंडी हबवर गंजून चिकटते. आतून अँटी-सीझचा (धातू चिकटू न देणारा लेप) अगदी पातळ हात दिला की निघते. तो हात रिंगपुरताच, आट्यांवर आणि सपाट पृष्ठावर नको. मी धातूची घेईन.

उलट बाजू: चाकाचं छिद्र हबपेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही. कुणी ग्राइंडरने घासून मोठं करून देतो म्हणाला तर नको म्हणा. हाताने केलेलं छिद्र कधीच गोल आणि मध्यावर राहत नाही. करायचंच तर लेथवर, आणि तेही चाक बनवणाऱ्याने मुभा दिली असेल तरच.

नटांची बैठक

रिंग असूनही थरथर असेल, किंवा नट पुन्हा पुन्हा सैल होत असतील, तर नट आणि चाकातला खळगा जुळतात का ते बघा. आकार मुख्यतः तीन. बाहेरच्या बहुतेक अलॉयना ६० अंशांचा शंकू लागतो. फोक्सवॅगन आणि होंडाच्या मूळ चाकांना गोलाईची, चेंडूसारखी बैठक असते. टोयोटाच्या बऱ्याच मूळ अलॉयना सपाट वॉशरचा नट असतो. गाडीचे मूळ नट नव्या चाकाला आट्यांत बसतात, घट्टही होतात, म्हणून वरून काही चुकलंय असं वाटत नाही. पण गोल बैठकीचा नट शंकूच्या खळग्यात एका बारीक रेषेवर टेकतो. ती रेषा दबते, ताण जातो, नट सैल होतो. कधी अलॉयलाच तडा जातो.

नट काढून खळगा बघा. सगळीकडे सारखा, रुंद, चकचकीत पट्टा दिसला तर बैठक जुळते आहे. बारीक रेषा, एकाच बाजूला घासल्याची खूण किंवा उखडलेला रंग दिसला तर नाही. रंगाचं खास लक्षात ठेवा: चाकं नव्याने रंगवून घेतली की खळग्यात आणि मागच्या सपाट पृष्ठावर जाड थर चढतो. नटाच्या दाबाखाली तो हळूहळू चिरडतो आणि तेवढा ताण निघून जातो. त्या दोन जागा रंगकामात झाकून ठेवायला सांगायला हवं.

आटेही मोजा. नट स्टडच्या जाडीइतका तरी आत गेला पाहिजे. म्हणजे एम१२ × १.५ ला (दुसरा आकडा दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) ८ पूर्ण फेरे, एम१२ × १.२५ ला जवळजवळ १०, एम१४ × १.५ ला साधारण साडेनऊ. अलॉयची जाडी लोखंडी चाकापेक्षा जास्त असते, म्हणून जुन्या नटांनी हे फेरे कमी पडू शकतात. आणि १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर जबरदस्तीने चढवला तर दोन्हीचे आटे जातात.

नट वारंवार सैल होत असतील तर कारण सापडेपर्यंत गाडी वेगाने चालवू नका. थरथर हा त्रास आहे. सैल नट हा धोका आहे.

सपाट पृष्ठ

इथे लोक फारसं बघत नाहीत. चाकाची पाठ हबवर पूर्ण टेकायला हवी. १४० मिमी व्यासाच्या हबच्या एका कडेला ०.२ मिमीची गंजाची खपली अडकली तरी चाक तिरकं बसतं आणि ६२ सेंमीच्या टायरच्या कडेला ती तिरकस जवळजवळ ०.९ मिमी होते. म्हणून हबचं पृष्ठ आणि चाकाची पाठ दोन्ही तार ब्रशने लख्ख करा.

नव्या गाड्यांत स्टडवर पातळ पत्र्याच्या क्लिपा असतात. कारखान्यात डिस्क धरून ठेवायला त्या लावतात. मूळ चाकाच्या पाठीत त्यांच्यासाठी खाच असते, बाहेरच्या चाकात असेलच असं नाही. डिस्कचा छोटा स्क्रू बाहेर डोकावत असेल तरीही हेच होतं. क्लिपा काढून टाकल्या तरी चालतं, स्क्रू मात्र पूर्ण आत बसवा. खात्री करायची असेल तर हबच्या पृष्ठावर खडू घासा, चाक लावून नट हलके आवळा, काढा आणि चाकाच्या पाठीवर ठसा कुठे उमटला ते बघा.

हब आणि चाकामध्ये पातळ स्पेसर (चाक बाहेर आणणाऱ्या चकत्या) लावले असतील तर ते काढून परीक्षा करा. ३-५ मिमीचा स्पेसर हबचा उंचवटा खाऊन टाकतो. मग छिद्र जुळणारं असूनही चाकाला धरायला काही उरत नाही, आणि आट्यांचे फेरेही तेवढे कमी होतात.

पीसीडी जवळपास जुळतो म्हणजे जुळत नाही

स्टडच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ५ × ११२ चं (पाच स्टड, ११२ मिमी पीसीडी) चाक ५ × ११४.३ च्या हबवर ओढून-ताणून बसतं, ४ × ९८ आणि ४ × १०० चंही तसंच. एका स्टडमागे एक मिमीच्या आसपास फरक, म्हणून नट आवळले जातात. पण प्रत्येक स्टड बाजूला वाकून ताणला जातो आणि शंकू खळग्यात तिरका बसतो. अशा चाकाची थरथर कुठल्याच उपायाने पूर्ण जात नाही, आणि एक दिवस स्टड तुटतो. त्या चाकावर आणखी खर्च न करता ते परत करा.

चार बोल्टचा पीसीडी समोरासमोरच्या स्टडच्या केंद्रांमधलं अंतर मोजून कळतो. पाचला समोरासमोर स्टड नसतात, तिथे शेजारच्या दोन स्टडमधलं केंद्र ते केंद्र अंतर १.७०१ ने गुणा. ६७.२ आलं तर ११४.३, ६५.८ आलं तर ११२, ६३.५ आलं तर १०८, ५८.८ आलं तर १००. दोन पीसीडींची छिद्रं असलेली चाकं वाईट नसतात, पण लावणाऱ्याने घाईत चुकीच्या जोडीत स्टड घातले नाहीत ना ते बघा.

एवढं सगळं बरोबर असेल तर चाक आणि टायर

आता बॅलन्सिंगकडे वळायला हरकत नाही, पण तपासणी करवून. चाक यंत्रावर शून्यावर आणल्यावर ते सैल करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा पकडायला सांगा आणि फिरवा. दुसऱ्यांदा १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तर चाक यंत्रावरच नीट मध्यावर बसलेलं नाही. शंकू मागच्या बाजूने लावून बघा, छिद्राची पुढची पायरी अनेकदा नेमकी नसते. चिकटवायच्या वजनांच्या जागी मार्करने खूण करून ठेवा. अलॉयची आतली बाजू न पुसता चिकटवलेलं वजन पहिल्या पावसात गळून पडतं, आणि ते पडलं की नाही हे खुणेशिवाय कळत नाही.

रिम आऊट, म्हणजे वाकडी फिरते आहे का ते घरीही कळतं. चाक जॅकवर उचला, स्टँडला एक काडी रिमच्या कडेजवळ टेकेल-न टेकेल अशी बांधा आणि चाक हाताने हळू फिरवा. फट कमी-जास्त होताना दिसेल. रिमला १ मिमीच्या वर फरक असेल तर ती दुरुस्त करा किंवा बदला. रिम सरळ आणि टायर मात्र वर-खाली होतोय, तर टायरच्या काठाजवळची बारीक उठावदार रेषा रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघा. एका बाजूला ती आत गेली असेल तर टायर रिममध्ये पूर्ण बसलेला नाही. हवा काढून, काठाला साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवायला सांगा.

अजून चाकं घेतली नसतील तर

मग यातलं बरंच टाळता येतं. पीसीडी, मधलं छिद्र, नटाची बैठक आणि आटे ही मापं आधी लिहून घ्या, डिझाइन नंतर निवडा. त्यात ऑफसेट मिसळला की निवड पूर्ण होते, आणि गोंधळ होतो तोही इथेच.

ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारं पृष्ठ किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते. चाकावर तो ईटी ४५ असा कोरलेला असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. पण रुंदीही बदलत असेल तर दोन्ही बाजूंचा हिशेब करावा लागतो. समजा, मूळ चाक ६ इंच रुंद, ईटी ४५. नवं ७ इंच, ईटी ४०. जुन्याची अर्धी रुंदी ७६.२ मिमी, नव्याची ८८.९. आतल्या बाजूला जुनं १२१.२ पर्यंत जायचं, नवं १२८.९ पर्यंत, म्हणजे शॉक अॅब्जॉर्बरकडे ७.७ मिमी जास्त. बाहेर जुनं ३१.२, नवं ४८.९, म्हणजे मडगार्डकडे १७.७ मिमी जास्त. ऑफसेट पाचनेच कमी झाला असं ऐकून घेतलेलं चाक बाहेर पावणेदोन सेंमी येतं, आणि मागे तीन माणसं बसली की मडगार्डला घासतं. शिवाय चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर बाक जास्त आणि खड्ड्यात स्टिअरिंगला झटका जास्त. मूळ ऑफसेटपासून फार दूर न जाणं हाच माझा सल्ला, गाडी थोडी कमी रुबाबदार दिसली तरी चालेल. ब्रेक कॅलिपर आणि चाकाच्या आऱ्यांमधली फट कळायला कॅलिपरवर मातीचा किंवा प्लास्टिसिनचा गोळा चिकटवून चाक फिरवा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा.

टायरचा एकूण व्यास मूळच्या जवळ ठेवा. १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५ मिमी, १९५/५५ आर१६ चा ६२०.९, २०५/४५ आर१७ चा ६१६.३. तिन्ही व्यासाने जुळतात, पण भार बघा: पहिल्याचा निर्देशांक सहसा ८८, म्हणजे ५६० किलो; दुसऱ्याचा ८७, ५४५ किलो; तिसऱ्याचा साध्या टायरमध्ये ८४, म्हणजे ५०० किलोच. तिसरा घ्यायचा तर जास्त भाराचा, एक्सएल खुणेचा ८८ मागावा लागेल, आणि त्यात हवेचा दाब त्याच्या तक्त्याप्रमाणे ठेवावा लागेल. व्यास वाढवला तर स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवतो; संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ३९ प्रमाणे त्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणं चालतच नाही.

चाकावर कमाल भार कोरलेला असतो. गाडीच्या एका अॅक्सलवर जास्तीत जास्त जितकं वजन चालतं त्याच्या निम्म्यापेक्षा तो कमी असता कामा नये. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी मानकाच्या आणि स्वतंत्र तपासणीच्या खुणा शोधा. ज्या चाकावर भार, ऑफसेट, रुंदी यातलं काहीच कोरलेलं नाही ते कितीही सुंदर असो, खाली ठेवा.

आणि स्टेपनी. ती बहुधा जुनी लोखंडीच राहते आणि नव्या अलॉयचे शंकूचे लांब नट तिला बसतातच असं नाही. आज वेळ काढून एकदा स्टेपनी हबवर लावून बघा. बैठक जुळत नसेल, किंवा नट तळाला टेकूनही चाक हलत असेल, तर मूळ नटांचा एक संच आणि नव्या नटांना लागणारा पाना दोन्ही पिशवीत घालून स्टेपनीशेजारीच ठेवा. हब रिंग काढून ठेवायची गरज आहे का तेही याच वेळी तपासा: रिंग अलॉयमध्येच अडकून निघते की हबवर राहते ते बघून घ्या, कारण हबवर राहिलेली रिंग स्टेपनीचं छिद्र बसू देत नाही.